असुंताचं कार्ड

विनू,

तुला जाऊन अठरा दिवस झाले. एवढ्या दिवसांत तुझ्याबद्दल जेवढं गोड ऐकलं, तेवढं तू जिवंत असताना अडुसष्ट वर्षांत कुणी बोललं नव्हतं. परवा इथल्या मराठी मंडळींनी झूमवर शोकसभा घेतली. एका बाईंनी स्वतःला म्यूट केलं नव्हतं, त्यामुळे तुझ्या आत्म्याला शांती लाभली ती कुकरच्या तीन शिट्ट्यांसकट. तू म्हणे ज्ञानपिपासू होतास. तू म्हणे आपल्या मुळांचा शोध घेणारा संशोधक होतास. अ‍ॅशबर्नचे एक गृहस्थ, जे तुला आयुष्यात दोनदा भेटले असतील, म्हणाले की साठी उलटल्यावर इटालियन शिकणारा माणूस म्हणजे आपल्या सगळ्यांना इन्स्पिरेशन. मी कॅमेरा बंद केला. माझं तोंड त्या वेळी शोकसभेत शोभण्यासारखं नव्हतं.

मला दोन शब्द बोला म्हणाले. मी गप्प बसले, तर सूत्रसंचालकांनी 'ताईंना भरून आलंय' असं परस्पर जाहीर करून टाकलं. भरूनबिरून काही आलं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते त्या सभेत चालण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. तू मूर्ख होतास, विनू. मोठी बहीण म्हणून हे मी तुला आठवड्यातून एकदा सांगतच होते, पण गेल्या अठरा दिवसांत जे हाती लागलं त्यावरून माझा अंदाजही कमी पडला असं दिसतं.

पूर्वज शोधायचं खूळ इथे अमेरिकेत माणसाला निवृत्तीबरोबर लागतं आणि आपल्या लोकांना तर जरा जास्तच. नोकरी असेपर्यंत कुणाला पणजोबांचं नाव आठवत नाही. नोकरी सुटली की कुलवृत्तांत मागवतात, दिवाणखान्यात वंशवृक्ष टांगतात, नळीत थुंकी भरून पोस्टानं पाठवतात आणि आपण किती टक्के कोण आहोत ते जेवायला आलेल्या माणसाला ताटावरून उठू न देता सांगतात. प्रत्येकाच्या झाडाला एक तरी सरदार लटकलेला असतोच. एवढे सरदार होते तर राज्य गेलं कसं, असं मी एकदा हर्नडनला एका पार्टीत विचारलं, तर यजमानीणबाईंनी मला आग्रहानं दुसऱ्या खोलीत नेऊन बसवलं.

तुझं खूळ निराळं होतं, एवढं मान्य करते. तुला सरदार नको होता. तुला एक कार्ड वाचायचं होतं.

ते कार्ड आजीच्या कुंकवाच्या पितळी डब्यात, तळाशी, घडी घातलेल्या कागदाखाली सापडलं. आजी गेली तेव्हा वाईला तू गेला होतास, मी इथे बाळंतपणात अडकले होते. एका बाजूला कुठल्याशा डोंगरातल्या चर्चचं चित्र, ज्याला तू कायम 'देऊळ' म्हणायचास, आणि दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात इटालियन मजकूर. तू ते इकडे आणलंस, फाइलमध्ये ठेवलंस आणि तीस वर्षं विसरलास. मग तुझी बायको सुनीता गेली, नोकरी संपली, लेक नेहा सिअ‍ॅटलला राहायला गेली आणि तुला एकाएकी आपल्या आजोबांचा पुळका आला.

आजोबांची गोष्ट आपल्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिचा पार चोथा झाला आहे. आजोबा पलटणीच्या दवाखान्यात कंपाउंडर. युद्धात पकडले गेले, इटलीतल्या छावणीत कैदी झाले, तिथून निसटले आणि नाहीसे झाले. घरी तार आली: बेपत्ता, बहुधा मृत. अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची रीत आहे. आपल्या पणजोबांना बारा वर्षं दम निघेना. त्यांनी दीड वर्षात दर्भाचा पुतळा करवला आणि आपल्या बाबांच्या हातून, ते बारा वर्षांचे असताना, त्याला अग्नी देववला. फक्त आजीनं कुंकू पुसायला नकार दिला. बायका घरी आल्या, समजूत घालून गेल्या, रडून गेल्या. आजी कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून दारात तांदूळ निवडत बसायची.

आणि युद्ध संपल्यावर आजोबा आले. चांगले चालत आले. आता ज्याचे दिवस घातले तो माणूस जिवंत परतला तर काय करायचं, याचंही शास्त्र आपल्या लोकांनी तयार ठेवलेलं आहे. त्याला तुपाच्या भांड्यात बसवून बाहेर काढायचं, म्हणजे तो नव्यानं जन्मला. मग बारसं, मग मुंज, मग स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न. युद्धाच्या टंचाईत एवढं तूप कुठलं, म्हणून अंगाला तुपाचं बोट लावून भागवलं. सदतिसाव्या वर्षी आजोबांचं बारसं झालं. नाव तेच ठेवलं, हे त्यातल्या त्यात उपकार. ते बिचारे सगळ्याला मान डोलावत गेले. घोडं अडलं लग्नापाशी. भटजींसमोर आजी सासऱ्याला म्हणाली, "तुमचा मुलगा मेला होता. माझा नवरा मेला नव्हता. मी कशाला पुन्हा बोहल्यावर चढू?" ती चढली नाही. पणजोबा मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी प्यायले नाहीत.

इथपर्यंत तुझं-माझं एकमत होतं. भांडण पुढे होतं.

तुझं म्हणणं, आजीला ठाऊक होतं. कार्ड तेव्हाच आलं होतं. तिला वाचता आलं नसेल, पण परमुलखातून काहीतरी आलंय म्हणजे माणूस जिवंत आहे, हे तिनं ओळखलं आणि ते कुंकवाच्या डब्यात जपून ठेवलं. कुंकू आणि कार्ड एका डब्यात! हे सांगताना तुझा आवाज कापायचा. माझं म्हणणं, आजीला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ती हेकट होती. सासरा म्हणतोय पूस, म्हणून पुसायचं नाही, एवढंच. हातात पुरावा असता तर आजी गप्प बसली असती? आख्ख्या आळीत दारोदार दाखवत फिरली असती. तुला बायका साध्वी लागायच्या, विनू. आपल्या घरात एकही नव्हती.

हे भांडण फोटो काढून दोन सेकंदांत मिटलं असतं. फोन समोर धरायचा, भाषांतर वाचायचं, विषय संपला. पण नाही. तू पार्सिपनीच्या लायब्ररीतल्या इटालियनच्या क्लासला नाव घातलंस. दर मंगळवारी सकाळी अकरा म्हाताऱ्या आणि तू. त्या सगळ्या इटालियन आज्यांच्या अमेरिकन नाती, आपापल्या आजीचं गाव शोधायला निघालेल्या, आणि मध्ये वाईचा एक टकला केमिस्ट. तुझ्या घरी आले तर फ्रिजवर चिठ्ठी, खुर्चीवर चिठ्ठी, तुपाच्या बरणीवर चिठ्ठी. तुपाला इटालियनमध्ये शब्द नाही म्हणून बरणीवर नुसतंच प्रश्नचिन्ह. फोन उचलून 'बॉन जोर्नो' म्हणायचास, म्हणजे सुप्रभात. सकाळी दहाला! मी म्हणायचे, "विन्या, आधी मराठी धड बोल. तुला 'अडुसष्ट' म्हणता येत नाही, 'सिक्स्टी एट' म्हणतोस."

"ताई, तुला पॉइंटच कळत नाहीये," तू म्हणायचास. "ज्यानं ते हातानं लिहिलंय, त्याचं आपण निदान डोळ्यांनी वाचावं."

"मग वाच ना. दीड वर्ष झालं. दहा ओळी आहेत."

"भूतकाळ अजून पक्का नाही झाला."

"तुझा भूतकाळ पक्का होईपर्यंत आपण दोघं भूत होऊ."

दर रविवारी हेच. मी चिडून फोन ठेवायचे आणि पुढच्या रविवारी दहाला पुन्हा लावायचे, कारण आठवडाभरात मला नवा मुद्दा सुचलेला असायचा. व्हिडिओवर तू कार्ड दाखवायचास, पण कायम देवळाची बाजू. उलटं कर म्हटलं की नेटवर्क खराब व्हायचं. गेल्या दिवाळीत मी तुझ्याकडे आले तेव्हा ते प्लास्टिकच्या कव्हरात घालून जेवणाच्या टेबलावर ठेवलेलं होतं, देऊळ वर करून. तू आत कॉफी करत होतास आणि घोटभर कॉफीला नेहमीसारखी पंधरा मिनिटं लावत होतास. माझा फोन माझ्या हातात होता. मी काही केलं नाही. म्हटलं, जाऊ दे, कोण नादी लागतंय.

मग त्या मंगळवारी तू क्लासहून आलास, खुर्चीत बसलास आणि उठला नाहीस. खुर्चीवर तेव्हाही चिठ्ठी होती.

फ्यूनरल होममध्ये त्या अकराही जणी आल्या होत्या. आपल्या लोकांपेक्षा आधी आल्या आणि आपल्या लोकांपेक्षा जास्त रडल्या. तुझी मास्तरीण तेरेसा, ऐंशीच्या घरातली, हातात चीज घातलेल्या पास्त्याचा हा एवढा ट्रे. मला म्हणाली, तू ती बहीण का? मी हो म्हटलं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "त्यानं पहिल्याच हिवाळ्यात ते कार्ड आम्हाला वाचून दाखवलं. आम्ही सगळ्या रडलो. नाताळच्या आधीची गोष्ट."

पहिल्या हिवाळ्यात. म्हणजे क्लास सुरू होऊन तीन महिने झाले होते. म्हणजे त्यानंतर दोन वर्षं, दर रविवारी, तू मला भूतकाळ पक्का नाही म्हणून बनवत होतास. पार्सिपनीतल्या अकरा परक्या बायकांना आपल्या आजोबांचं गुपित ठाऊक आणि सख्ख्या बहिणीच्या हातात पास्त्याचा ट्रे. तिथेच, तुझ्या शवपेटीसमोर, मला तुझ्या थोबाडीत मारावीशी वाटली. तू इतका शांत पडला होतास की जास्तच संताप आला.

घर आवरायला नेहानं पंधरा दिवस सुट्टी घेतली. दिवसभर ती आणि मी खोकी भरायचो. परवा ती पाच वह्या आणि तुझी क्लासची पिशवी घेऊन आली.

"आत्या, व्हॉट डू आय डू विथ ऑल धिस इटालियन स्टफ? फेकायचं?"

"आण इकडे," म्हटलं.

पहिल्या वहीच्या मध्यावर तुझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात मराठी मजकूर होता. मला जे अजून वाचता येत नाही म्हणायचास ते सगळं होतं.

'बाई, तुमचे यजमान एक हिवाळा आमच्या घरी लपून राहिले. माझ्या मुलाचा ताप त्यांनी उतरवला. ते नेहमी तुमच्याबद्दल बोलत. म्हणत, माझ्या बायकोची जीभ तिखट आहे, आणि तुमच्या जेवणात तेवढंच कमी पडतं. लढाई संपल्यावर ते इथून निघाले, त्याला वर्ष झालं. पोचले का? पोचले असतील तर दोन ओळी कळवा. आम्ही वाट बघतो. असुंता.'

त्याला वर्ष झालं. विनू, मी कार्ड उलटं केलं. पहिल्यांदा. वर तारीख लिहिलेली होती, चांगली ठसठशीत. आजोबा घरी आले, त्यांचं बारसं झालं, मुंज झाली, आजीनं लग्नाला नाही म्हटलं, त्यानंतर आठ महिन्यांनी ते कार्ड लिहिलेलं. म्हणजे कुंकू पुसायला नाही म्हणाली तेव्हा आजीच्या हातात काहीही नव्हतं. आणि ते आलं तेव्हा आजोबा घरात होते. ज्यांना ती भाषा येत होती ते आजोबा दिवसभर दवाखान्यात, संध्याकाळी ओसरीवर. त्यांना ते कधीच मिळालं नाही. ते डब्याच्या तळाशी गेलं आणि आजोबा मरेपर्यंत, आणि त्यांच्यानंतरही, तिथेच राहिलं. शेवटची सही नखानं खरवडलेली आहे. पुसट झाली आहे, पण वाचता येते. कुणीतरी, पोस्टमननं असेल किंवा शाळेतल्या मास्तरांनी, आजीला एवढं मात्र सांगितलं असणार की खाली बाईमाणसाचं नाव आहे.

मी हसले. नेहा घाबरली. आजोबा वर्षातून एकदोनदा मक्याचं पीठ इटलीतल्यासारखं घट्ट शिजवून पोळपाटावर ओतायचे आणि दोऱ्यानं कापून एकटेच खायचे, आठवतं? तुला नसेल आठवत, तू चार वर्षांचा होतास ते गेले तेव्हा. आजी म्हणायची, "माझ्या पोळपाटाला हात लावायचा नाही, तुमचं ते बाहेरचं बाहेर." मला तेव्हा वाटायचं की तिला मका आवडत नाही.

तर अशी ती तुझी साध्वी. नवरा मेला असं सगळं गाव सांगत होतं, त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि डोंगरातल्या कुठल्या शेतकरणीनं काय लिहिलंय ते न वाचताच त्यावर मात्र पुरता ठेवला. मला ती इतकी ओळखीची वाटली की काय सांगू. मीही हेच केलं असतं. फक्त मी सही पुरती खरवडली असती.

म्हणजे मी जिंकले होते. पहिल्या हिवाळ्यातच जिंकले होते. तू हरला होतास आणि हरलेला कागद वहीत दडवून रविवारी माझ्याशी वाद घालत होतास. मला वाटलं, लाजेनं. तुझी आजी सामान्य निघाली, म्हणून तोंड लपवून बसलास. मनात म्हटलं, याला जन्मभर हरता आलं नाही.

मग पिशवीतून तुझा शेवटचा गृहपाठ निघाला. दोन पानं इटालियन, तेरेसानं लाल पेननं तपासलेली, चुका फक्त तीन. मी फोन काढला आणि त्यावर धरला. तू मला जे दोन वर्षं करू दिलं नाहीस ते दोन सेकंदांत झालं. त्या बाईच्या आवाजात, जो आवाज गाडीत आपल्याला हायवेची एक्झिट सांगतो, फोननं इंग्रजीत वाचलं. तो असुंताच्या मुलाबाळांना लिहिलेला जबाब होता. आमचे आजोबा पोचले, असं तू लिहिलं होतंस. तुमचं कार्डही पोचलं, पण आजीनं ते लपवलं, त्याबद्दल माफी. आणि पुढे: 'माझी बहीण म्हणते की आजी हेकट होती. तिचं बरोबर आहे. मी तिला अजून हे सांगितलेलं नाही. ती दर रविवारी माझ्याशी भांडायला फोन करते. माझी बायको गेल्यापासून माझ्याशी दुसरं कुणी भांडत नाही. तिला सांगितलं तर भांडण संपेल.'

मी रडले, विनू. ऐकून तुला बरं वाटेल म्हणून सांगते. नेहानं पाणी आणून दिलं आणि माझ्या पाठीवर हात फिरवत बसली. मी म्हटलं, तुझा बाप गाढव होता. ती म्हणाली, "आय नो, आत्या." आणि तीही रडायला लागली.

जबाब काल पोस्टात टाकला. तीन चुकांसकट. नेहा म्हणाली, दुरुस्त करू या; मी म्हटलं, राहू दे, त्या त्याच्या आहेत. कार्डावर त्या गावाचं नाव आहे, तिथे असुंताचं कुणी उरलं असेल तर मिळेल. खाली मी मराठीत चार ओळी लिहिल्या. भाषांतर केलं नाही. आपण त्यांचं वाचायला सत्तर-ऐंशी वर्षं लावली, आता त्यांनीही थोडा त्रास घ्यावा. तेवढी ती तुपाची बरणीही आणली, माझ्याकडे. चिठ्ठी तशीच आहे.

उद्या रविवार. दहा वाजता हात फोनकडे जाईल, गेले दोन रविवार जातोच आहे. भांडण संपलं तर ताई फोन करणार नाही, हे तुला कुणी सांगितलं? मूर्खा, आजीच्या जागी दुसरं काहीतरी काढलं असतं. तुझी कॉफी होती, तुझं मराठी होतं, तुझी ती दर वेळी चुकणारी हायवेची एक्झिट होती.

आणि दिवाळीत ते कार्ड टेबलावर पडलं होतं, माझ्या हातात फोन होता, तू पंधरा मिनिटं आत होतास. मी ते उलटलं नाही. पहिल्या हिवाळ्यात तीन महिन्यांत परकी भाषा वाचलीस, आणि तेवढं तुला वाचता आलं नाही.